पाठदुखी, मन आणि एक गोधडी : डिसेंबर ते मार्चच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४

इचलकरंजीत उभा जन्म यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करण्यात गेला. माग बिघडला की त्याच्या पोटात वाकायचं, बीम, म्हणजे धाग्याचा जड रूळ, चढवायचा असला की खांदा लावायचा. अडीच वर्षांपूर्वी कंबर धरली ती सुटलीच नाही. दुखणं डाव्या कुल्ल्यातून मांडीत उतरतं. आता त्याच कारखान्यात घडीखात्याचा हिशेब लिहितो. वय ५२.

दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. माझं ती हद्द केव्हाच ओलांडून गेलं. ऑपरेशनची गरज नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितलं, पण पूर्ण जाईल असं त्यांच्यापैकी कोणी म्हणालं नाही.

या वहीत दुखण्यापेक्षा मनाची नोंद जास्त ठेवणार आहे. कंबरेमुळे एकेक गोष्ट सुटत गेली. गुरुवारचं भजन सुटलं, संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसणं सुटलं, पाहुण्यांकडे जाणं सुटलं. दर वेळी मनाशी म्हणायचो, कंबर बरी झाली की जाऊ. कंबर तशीच राहिली आणि गोष्टी सुटल्या त्या सुटल्याच. घरात मी बोलेनासा झालो, बोललो तर खेकसायचो. फिजिओ मॅडमनी परवा विचारलं, "दुखणं आहे तसंच राहिलं, तर दिवसभरात काय करायला आवडेल?" मला उत्तरच देता आलं नाही. ते न सुचणं मला दुखण्याहून जास्त लागलं.

त्यांनी सांगितलेली गोष्ट एवढीच : दुखणं कमी व्हायची वाट बघू नका, हाताला एक काम घ्या. किती वेळ करायचं ते घड्याळ ठरवेल, कंबर नाही.

४ डिसेंबर

काम कोणतं घ्यायचं यावर तीन दिवस गेले. घरातल्या जुन्या सायकलीचा विचार केला, पण तिला वाकावं लागतं आणि अर्धवट खोललेली सायकल दारात अडचण करते. कुंड्यांना पाणी घालायचं तर बादली उचलावी लागते. शेवटी ठरली गोधडी.

का, ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला आपलं काम निवडताना उपयोगी पडेल. गोधडी कुठल्याही टाक्याला थांबवता येते आणि थांबवली तरी बिघडत नाही. केलेलं काम दिसतं, घातलेली ओळ उद्याही तिथेच असते. जड काही उचलावं लागत नाही. आणि गोधडी कुणी एकट्याने शिवत नाही, चार माणसं भोवती येतातच. हे शेवटचं कारण आईने सांगितलं. तिचं वय ७८, तिच्या हातच्या गोधड्या आमच्या सगळ्या भावकीत आहेत. मी शिवणार म्हटल्यावर ती काही बोलली नाही. उठली, ट्रंक उघडली आणि आपली दोन जुनी लुगडी माझ्यासमोर ठेवली.

८ डिसेंबर

पहिला आठवडा कापडातच गेला.

खालचा थर आईच्या नऊवारीचा. मधे जुनी धोतरं आणि एक विटलेली सुती साडी. वरच्या थरासाठी कारखान्यातून कोऱ्या कापडाचे फेंट, म्हणजे उरलेले तुकडे, आणले, मालकांनी पैसे घेतले नाहीत. तिथेच अडलं. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात सायझिंगची, म्हणजे विणण्याआधी धाग्याला लावलेली, खळ असते. सुई त्यात शिरताना अडते, मग खांद्याने जोर लावावा लागतो आणि तो जोर थेट कंबरेत जातो. पाच मिनिटांत पाठ ताठ झाली. शिवाय कोरं कापड धुतल्यावर आटतं, म्हणजे गोधडी पहिल्याच धुण्यात आकसून गोळा झाली असती. सगळे फेंट रात्रभर कोमट पाण्यात भिजत घातले, सकाळी मुलाने पिळून वाळत टाकले, संध्याकाळी पुन्हा एकदा तेच. आता कापड मऊ आहे.

मधे घालायला बायकोने एक नायलॉनची साडी दिली होती, ती काढली. ती घसरते आणि थर एकमेकांवरून सरकतात. सगळे थर सुतीच घ्या.

१० डिसेंबर

आई जन्मभर जमिनीवर मांडी घालून शिवत आली. ते मला शक्य नाही. घरातलं इस्त्रीचं लाकडी टेबल घेतलं, सुताराकडून पायांखाली ठोकळे करून घेतले, २४० रुपये. उभं राहिल्यावर कापड कोपराच्या उंचीला येतं. त्याला एक उंच स्टूल, ३५० रुपयांचं जुन्या बाजारातलं. थोडा वेळ उभं, थोडा वेळ स्टुलावर टेकून. गोधडीचा शिवायचा तेवढाच भाग टेबलावर घ्यायचा, बाकीची गुंडाळी टेबलावरच ठेवायची. गुंडाळी खाली लोंबली की तिचं वजन हात ओढतं.

सुई लांब आणि जाड, नाक्याला मोठी. दोरा मागावरच्या उरलेल्या सुती धाग्याचे पदर वळून केला. बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी.

आकार पाच फूट बाय सात फूट धरला होता. तो कमी करून तीन बाय साडेचार केला. फिजिओ मॅडम म्हणाल्या, "पूर्ण होईल एवढंच घ्या." मला ते पटायला वेळ लागला, कारण मोठी गोधडी मनात बसली होती. पण अर्धवट मोठी गोधडी सहा महिने डोळ्यांसमोर पडून राहिली तर मन आणखी खचेल, हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

१२ डिसेंबर

वेळ कसा ठरवला ते लिहितो. एका बऱ्या दिवशी आणि एका वाईट दिवशी, दोन्ही वेळा दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं शिवता येतं ते पाहिलं. त्या दोन आकड्यांच्या मधला आकडा धरला आणि त्यातून पाचवा हिस्सा वजा केला. आले ८ मिनिटं. मोबाइलवर टायमर. वाजला की सुई खोचून उठायचं, मग टाका अर्धा का असेना. दिवसातून दोन वेळा. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, आणि वाईट दिवशी शून्य नाही. वाईट दिवशी निदान सुईत दोरा ओवून चार टाके.

ही कल्पना नवी नाही. विल्बर्ट फोर्डाइस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७० च्या दशकात हेच सांगितलं, की दुखेपर्यंत करून थांबायचं नाही, ठरलेलं माप करून थांबायचं. दुखल्यावर थांबत राहिलो तर डोकं काम आणि दुखणं यांची गाठ मारतं, आणि मग कामाचा नुसता विचार आला तरी अंग आखडतं. मला सायकलीचं नाव काढलं तरी कंबर कळ देते, ते यामुळेच.

वहीत रोज रात्री दोन आकडे लिहायचे. एक दुखण्याचा, शून्य ते दहा. दुसरा मनाचा, शून्य ते दहा, आकडा जितका मोठा तितकं मन बरं. शेजारी दोन-तीन शब्द, दिवसभरात काय झालं त्याचे.

१५ डिसेंबर

मधूनच सुरुवात केली होती, सरळ रेघ चांगली दिसेल म्हणून. आईने हात लावून बघितलं आणि म्हणाली, "आरं, मधनं धरलास तर पोट फुगतंय तिचं. कडंनं धर, फिरत फिरत आत ये." सगळं उसवलं. आधी लांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकत्र धरले, मग कडेने धावदोरा सुरू केला. आता चौकोनात चौकोन घेत आत जायचं. उसवण्यात चार दिवसांचं काम गेलं. मनाचा आकडा मात्र त्या दिवशी ५ आला, त्याआधी ३ च्या वर गेला नव्हता. आई बराच वेळ टेबलाजवळ बसली होती.

२२ डिसेंबर

या आठवड्याची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे.

बुधवारी सकाळी उठलो तो कंबर हलकी. अधूनमधून असा एखादा दिवस येतो. टायमर वाजला, बंद केला आणि शिवत राहिलो. एक आख्खी बाजू संपवली. दुपारी माळ्यावरचा डबा काढला, संध्याकाळी बाजारात चालत गेलो. तुंबलेलं सगळं एका दिवसात उरकून घ्यावंसं वाटलं. गुरुवारी उठता येईना. शुक्रवार, शनिवार पडून. मनाचा आकडा २. पडून राहिल्यावर मनात एकच, की आपल्याच्याने काही होत नाही.

मॅडमनी वही पाहिली आणि मागचे सगळे वाईट दिवस दाखवले. जवळजवळ प्रत्येकाच्या आदल्या दिवशी दुखणं कमी आणि काम भरपूर. मला वाटायचं वाईट दिवस आपोआप येतात. त्यातले बरेचसे चांगल्या दिवसांनीच आणले होते. हे वहीशिवाय कधी दिसलं नसतं.

आजपासून टायमर बायकोकडे. वाजला की ती येऊन सुई काढून घेते.

२५ डिसेंबर

आज शिवणं झालं नाही, पण एक गोष्ट झाली ती लिहितो.

माझा एमआरआयचा रिपोर्ट मी उशाखाली ठेवायचो. एल४-एल५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, चकती झिजली आहे, फुगली आहे, मज्जातंतूला टेकली आहे, असं त्यात आहे. रात्री झोप मोडली की तो काढून वाचायचो. आपली कंबर आतून मोडलेली आहे असं चित्र मनात पक्कं बसलं होतं.

मॅडमनी आज २०१५ सालच्या एका अभ्यासाचे आकडे दाखवले. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. पन्नाशीच्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांत ८० टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या. म्हणजे माझ्या रिपोर्टातले हेच शब्द माझ्या वयाच्या ठणठणीत माणसांच्या रिपोर्टातही निघतात. माझं दुखणं खोटं आहे असा याचा अर्थ नाही, ते त्यांनी दोनदा सांगितलं. यंत्रमागाला बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग थांबवणारा काटा असतो. तो काटा बिघडला तर धागा शाबूत असतानाही माग सारखा बंद पडतो. जुन्या दुखण्यात अंगातली इशारा देणारी यंत्रणा अशीच जास्त हळवी झालेली असते. दुखणं खरं, पण दर कळेला आत काहीतरी मोडतंय असं नाही.

रिपोर्ट कपाटात फाईलमध्ये गेला.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, पाठदुखीसोबत ताप आला किंवा वजन कारण नसताना उतरू लागलं, तर वही-गोधडी बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

३० डिसेंबर

पैशांचा हिशेब कारखान्यातल्या एका जोडीदाराने विचारला म्हणून लिहितो. गोधडीवर आजपर्यंत ठोकळे, स्टूल, सुया, अंगुस्तान धरून सातशेच्या आत. त्याआधी दोन वर्षांत कमरेचे पट्टे तीन, ट्रॅक्शनच्या, म्हणजे कंबर ताणून धरायच्या, बैठका, शेकण्याचं एक मशीन, कोणाकोणाची तेलं, सगळं मिळून वीस हजारांच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. व्यायाम, दुखण्याबद्दल नीट माहिती आणि मनाला आधार देणारे उपचार यांची शिफारस आहे. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते, आणि पट्ट्याशिवाय आपण कोसळू ही भीतीही मनात घर करून बसली नसती. पट्टा मी एकदम काढला नाही. आधी शिवताना काढला, मग घरात, मग चालताना.

८ जानेवारी २०२५

थंडी. सकाळी अंग लाकडासारखं. शिवण्याआधी गरम पाण्याच्या पिशवीने कंबर शेकतो, गल्लीत दहा मिनिटं चालतो, मग टेबल. वेळ ९ मिनिटांवर नेला आहे. आठवड्याला एकच मिनिट वाढवायचं, तेही मागचा आठवडा बरा गेला तर.

गल्लीतल्या दोन काकू संध्याकाळी येऊन बसायला लागल्या. आधी त्यांना नवल वाटलं. एकीने आईला विचारलं, "पोरगा शिवतोय व्हय?" आई म्हणाली, "शिवंना का. हाताला बरं वाटतंय त्याच्या." दुसऱ्या दिवशी त्या काकू स्वतःची सुई घेऊनच आल्या. टेबलाच्या एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने त्या. माझे टाके लांब पडतात, त्यांचे तांदळाच्या दाण्याएवढे. त्यांच्या ओळीला हात लावला की कळतं.

वहीतले आकडे पाहिले. दुखणं ६ आणि मन ६ असे दिवस आहेत. दुखणं ४ आणि मन २ असेही आहेत. दुखणं वर गेलं की मन खाली जाणारच असं मी धरून चाललो होतो, पण वही तसं सांगत नाही. मनाचा आकडा दोन गोष्टींना जास्त बांधलेला दिसतो, आदल्या रात्रीची झोप आणि दिवसभरात कोणाशी तरी बोलणं झालं का.

१४ जानेवारी, संक्रांत

हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले.

परवा रात्री दोननंतर झोप आली नाही. मांडीत ठणका. मनात आलं, आपण घरावर ओझं झालोय, जगून काय उपयोग. असा विचार आधीही येऊन जायचा, पण त्या रात्री तो जाईना. मी बायकोला उठवलं आणि आहे तसं सांगितलं. ती घाबरली, रडली, पण सकाळपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली. सकाळी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारले : कशात रस वाटतो का, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल काय वाटतं, मरणाचे विचार येतात का. मग म्हणाले, हे नुसतं दुखण्यामुळे आलेलं वाईट वाटणं नाही, नैराश्य आहे, आणि त्याचा उपचार वेगळा करायचा. एक गोळी सुरू केली. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, आपल्या मनाने बंद करायची नाही. आणखी एक गोष्ट सांगितली ती माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवावी : अशा काही गोळ्यांबरोबर मेडिकलमधून वेदनाशामक आणून परस्पर घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. माझी ती सवय होती, ती त्या दिवशी बंद झाली.

सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवला आहे. ज्याला रात्री असे विचार येतात त्याने सकाळची वाट बघू नये. घरातल्या कोणाला तरी उठवावं, नाहीतर हा नंबर लावावा. उठवलं म्हणून कोणी रागावत नाही.

गोधडीने नैराश्य बरं होत नाही. हे ठळक लिहितो, कारण इथवर वाचून कोणाचा तसा समज होईल. गोधडी, गोळी, चालणं, झोप, बोलणं, यातलं एकच धरून माझं भागलं नसतं.

१९ जानेवारी

मळमळ आहे. चार-चार टाके. काकू येतात, गप्पा मारतात, मी ऐकतो.

२६ जानेवारी

मळमळ गेली. ठरल्याप्रमाणे ९ मिनिटं दोन वेळा जमलं. डॉक्टरांनी ज्या ताईंकडे बोलायला पाठवलं त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी झोपेची वेळ बांधून दिली : दुपारी पडायचं नाही, रात्री अकराच्या आधी अंथरुणावर नाही, आणि अर्धा तास झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. मी रात्री उठून दोरे वळून ठेवतो. सकाळी कामाला तयार मिळतात.

९ फेब्रुवारी

बाहेरचे चार चौकोन पूर्ण झाले. आता आतले लहान होत जाणार, काम भराभर दिसेल.

गोधडीची रीत भजनाला लावून बघितली. गुरुवारी गेलो. आधी विचार यायचा, तीन तास मांडी घालून बसता येत नाही तर जायचंच कशाला. आता मंडळाला सांगितलं, मी मागे खुर्चीवर बसणार, सुरुवातीची वीस मिनिटं थांबणार आणि मधूनच उठून जाणार, कोणी वाईट वाटून घेऊ नये. कोणी घेतलं नाही. एकाने टाळ हातात दिले. 'जय जय राम कृष्ण हरि' सुरू झालं आणि माझा आवाज फुटला. इतक्या दिवसांनी गळ्यातून काही निघालं होतं. वीस मिनिटांनी उठलो. उठायला जड गेलं, पण उठलो, कारण डिसेंबरातला तो बुधवार आठवत होता. रात्री दुखणं ६, मन ८. वहीतला पहिला ८.

ज्यांचं दुखणं वेगळं आहे त्यांनी आपापलं भजन शोधावं. पूर्ण करता येत नाही म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीची यादी काढावी आणि तिचा वीस मिनिटांचा तुकडा पाडता येतो का ते बघावं. माझ्या यादीतलं सगळंच पाडता आलं नाही. लांबच्या लग्नाला एसटीने जाणं अजून होत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

२३ फेब्रुवारी

कारखान्यात मोठी ऑर्डर, हिशेबाचं काम दुप्पट. बसून बसून कंबर गेली. चार दिवस दुखणं ८. मन ४ ला आलं आणि तिथेच थांबलं, २ वर गेलं नाही. काय वेगळं झालं? अंथरूण धरलं नाही. चार टाके रोज घातले, गल्लीच्या टोकापर्यंत चाललो, काकूंना येऊ नका म्हटलं नाही. मॅडमनी मागेच माझ्याकडून एक कागद लिहून घेतला होता : दुखणं उसळलं तर काय करायचं. शेक, चालणं, टायमर निम्म्यावर, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध तेवढंच, एका माणसाशी बोलणं. तो कागद भिंतीवर होता म्हणून बरं झालं. दुखत असताना डोक्याला काही सुचत नाही, कागद वाचता येतो.

मालकांशी बोललो. अर्ध्या तासाने उठून खात्यात एक फेरी मारायची मुभा मिळाली. हिशेब उंच टेबलावर उभं राहून लिहायचं ठरलं. हे आधीच मागायला हवं होतं. मागितलं तर हेही काम जाईल अशी भीती होती.

१३ मार्च, होळी

मधला चौकोन काल भरला. किनारीला आईच्या लुगड्याचा काठ दुमडून लावायचा होता. दुमडलेल्या काठाला सहा-सात थर होतात, सुई जात नाही आणि खांदा दुखतो. दोन उपाय केले. थरांच्या टोकांची कातर काढून किनार पातळ केली, आणि सुईला मेणबत्तीचं मेण लावलं. तरी कोपरे मला जमले नाहीत, ते काकूंनी घातले. पूर्ण गोधडी स्वतःच्या हातची असावी असा हट्ट डिसेंबरात असता. आता वाटतं, बरं झालं त्यांचे टाके तिच्यात आले.

वेळ १३ मिनिटं, दिवसातून दोनदा. दुखण्याची सरासरी डिसेंबरात होती त्यापेक्षा किंचित कमी, फार नाही. मनाची बहुतेक दिवस ६ च्या आसपास. गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, बरं वाटायला लागल्यावरही काही महिने घ्यायची.

३० मार्च, पाडवा

गोधडी पूर्ण झाली. धुतली, वाळवली. एका बाजूला पाव इंच आकसली, म्हणजे एखादा फेंट नीट भिजला नव्हता. फुगा कुठे नाही. आई तिच्यावर पाठ टेकून बसते.

पुन्हा करणाऱ्यासाठी : कापड दोनदा नव्हे, तीनदा भिजवा. टेबल आधी, कापड नंतर. आकार ठरवाल त्याच्या निम्मा घ्या. टायमर दुसऱ्याच्या हातात द्या. वही रोज लिहा, पण दोन आकडे आणि तीन शब्दांपेक्षा जास्त नाही, नाहीतर दिवसभर दुखण्याकडेच लक्ष राहतं. मी जानेवारीत तासातासाला दुखणं लिहायला लागलो होतो, त्याने दुखणं जास्त जाणवायला लागलं आणि ते बंद केलं.

सायझिंगमधला एक मित्र आज पाडव्याच्या निमित्ताने आला होता. त्याचा खांदा वर्षभर दुखतो आणि त्यानेही सगळं सोडून दिलं आहे. शिवण्यात त्याला गोडी नाही. पूर्वी तो पतंग बनवायचा, खांदा दुखायला लागल्यापासून कागदाला हात लावलेला नाही. त्याच्या बऱ्या आणि वाईट दिवसाचे आकडे घेतले, पाचवा हिस्सा वजा केला, ५ मिनिटं आली. डॉक्टरांना विचारून सोमवारपासून सुरू करतो म्हणाला. टायमर त्याच्या मुलीकडे राहणार.